हे तेल आजाऱ्यांसाठी असतं

मला कॅन्सर झालाय हे मला चर्चमध्ये कळलं. डॉक्टरांकडून नाही, नवऱ्याकडून नाही, रविवारच्या सकाळच्या तेलुगू मिस्सेत.

आमच्या चर्चमध्ये प्रवचन संपलं की लोकांच्या प्रार्थना असतात. ज्याला वाटेल तो जागेवर उभा राहतो आणि आपली विनंती मोठ्याने मांडतो. कुणाच्या मुलाला नोकरी लागावी, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटावी. मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं, प्रभो, आमची प्रार्थना ऐक. मी एरवी संध्याकाळच्या इंग्रजी मिस्सेला, म्हणजे उपासनेला, जाते. त्या रविवारी संध्याकाळी शाळेत कार्यक्रम होता म्हणून सकाळी गेले, तेही उशिरा, आणि मागे खांबाला टेकून उभी राहिले. पुढच्या बाकावरून माझी नणंद उठली. थेरेजा वन्सं. डोक्यावर पदर, आवाज खणखणीत. "मा तम्मुडि भार्य मार्था," त्या म्हणाल्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको मार्था. तिला आतड्याचा कॅन्सर निघालाय. तिला बिचारीला अजून काही ठाऊक नाही. प्रभूने तिला सांभाळावं.

सगळं चर्च म्हणालं, प्रभो, आमची प्रार्थना ऐक. मीही म्हणाले. सवयीने तोंडातून निघून गेलं. बिचारी मार्था म्हणजे मीच, हे त्यानंतर डोक्यात शिरलं.

मला रडू आलं नाही. भीतीही नंतर आली. आधी आला तो संताप. माझ्या पोटात काय चाललंय हे चर्चच्या दारात फुलं विकणाऱ्या बाईला कळलं, गिटार वाजवणाऱ्या पोरांना कळलं, आणि मला नाही! सरळ बाहेर निघून जावं असं वाटलं. पण कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची, रांग लागली तशी मीही लागले. वन्सं पुढून परत येत होत्या, हात जोडलेले, नजर खाली. अगदी माझ्यासमोर आल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कम्युनियन घेतल्यावर बोलायचं नसतं, म्हणून त्या बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही. पुढे गेले, हात पुढे केले, ख्रिस्तशरीर घेतलं. रागात घेतलं. रागात घेतलेलं चालतं की नाही, हे मी त्या वेळी कुणाला विचारत बसले नाही.

घरी

आम्ही बरकतपुऱ्यात राहतो. माझा नवरा सायमन काचीगुडा स्टेशनात तिकीट बुकिंगला आहे. गाडी चार तास उशिरा आहे, जागा नाही, तुमचं तिकीट चालणार नाही, असल्या वाईट बातम्या दिवसभर अनोळखी लोकांना न अडखळता देणारा माणूस. बायकोला एक बातमी द्यायची तर त्याची वाचा बसली होती.

"तुला धक्का बसला असता," तो म्हणाला.

"आणि आता काय झालं? अंगावर फुलं पडली?"

"अक्का म्हणाली, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगू."

"आणि तोवर काय सांगणार होतात?"

त्याने मान खाली घातली. "मूळव्याध."

रक्त पडायला लागलं तेव्हा मूळव्याध असेल असं मीच म्हणाले होते. त्यांनी माझाच अंदाज मला परत विकायचं ठरवलं होतं. तपासणीचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगून सायमनला आत घेतलं होतं. मला वाटलं, बिलाचं बोलत असतील. सायमनने आधी अक्काला, म्हणजे वन्संना, सांगितलं, कारण आई गेल्यापासून त्याला अक्कानेच वाढवलं आणि तिला विचारल्याशिवाय तो घराचा पडदाही बदलत नाही. अक्काने प्रार्थना मंडळाला सांगितलं, कारण त्यांना न सांगता प्रार्थना कशी करायची? अशी ती बातमी सगळीकडे फिरली आणि एका माणसाला सोडून सगळ्यांपर्यंत पोचली.

मी जामबागेतल्या एका शाळेत हिंदी शिकवते. इतकी वर्षं मुलांना सांगत आले की खरं बोला, मग जे व्हायचं ते होऊ दे. हे लिहायला बसले तेही त्यासाठीच. तुमच्या घरात कुणी आजारी असेल आणि 'तिला सांगू नका' अशी कुजबुज चालू असेल, तर कृपा करून थांबवा. आजार तिच्या अंगात आहे. तिला तुमच्याआधी कळलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं.

पोटावरची खूण

ऑपरेशनसाठी मलकपेठेकडच्या एका दवाखान्यात भरती झाले. आता मला सगळं ठाऊक होतं, तरी डॉक्टर बोलत ते सायमनशीच. मी पलंगावर, सायमन उशाशी, आणि डॉक्टर माझ्या डोक्यावरून त्याला म्हणत, "पेशंटला भूक लागते का?" पेशंट तिथेच बसलेली असे, इडली खात.

शेजारच्या पलंगावर शाहीन आपा होत्या. त्यांचं पित्ताशयाचं काहीतरी होतं. माझी चर्चची गोष्ट ऐकून त्या आधी पोट धरून हसल्या, टाके दुखले म्हणून थांबल्या, आणि मग चिडल्या. "मेरे कू तो पहले दिन इच बोल दिए थे. आपके लोगां आपके कू बच्ची समझते क्या?" मला इतकं बरं वाटलं. इतक्या दिवसांत माझ्या बाजूने चिडणारं पहिलंच माणूस.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी एक नर्स आली आणि माझ्या पोटावर, बेंबीच्या उजव्या बाजूला, शाईने एक गोल काढून गेली. हे कशासाठी, म्हणून विचारलं. "नॉर्मल है अम्मा." मी सायमनकडे पाहिलं. तो खिडकीतून रेसकोर्सकडे बघत होता. तिथे सकाळचे घोडे फिरवत होते, पण त्याला घोड्यांत कधीपासून रस? तेव्हाच मला समजायला हवं होतं. पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर होतं. मला फादर हवे होते.

तेल

जे कॅथलिक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात आजारी माणसाच्या कपाळाला आणि तळहातांना फादर आशीर्वादित तेल लावून प्रार्थना करतात. हा संस्कार आहे, बाप्तिस्म्यासारखा, लग्नासारखा. मोठ्या ऑपरेशनला जाण्याआधी तो घ्यावा, असं चर्च स्वतः सांगतं. आजाऱ्याला बळ मिळावं म्हणून तो आहे. पण आमच्या घरात त्याचं नाव एकच: शेवटचं तेल.

याला कारण आहे. सायमनचं घर आणि माझं माहेर, दोन्ही मूळची मराठवाड्यातल्या ख्रिस्ती खेड्यांतली, जुन्या निजाम राज्यातली. तिथे फादर एका मोठ्या गावी राहत आणि आसपासच्या खेड्यांत आधी घोड्यावर, नंतर सायकलवर फिरत. एकेका गावाची पाळी महिन्या-दोन महिन्यांनी येई. मधे कुणी तापाने पडलं तर कोण इतक्या लांब जाऊन त्यांना आणणार? अगदी हाताबाहेर गेलं की मगच कुणीतरी धावत जाई. फादर येत, तेल लावत, आणि माणूस जाई. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं ते इतकंच, की तेल लागलं आणि माणूस गेलं. फादर उशिरा का आले, हे कुणी लक्षात घेतलं नाही. दोष बसला तेलाच्या माथी.

आता आमचे फादर रिक्षाने पंधरा मिनिटांवर राहतात. त्यांच्याकडे मोबाईल आहे. तरीही मी तेलाचं नाव काढलं तसे वन्संनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"असलं अभद्र बोलू नकोस मार्था. उद्या ऑपरेशन आहे."

"म्हणूनच म्हणतेय. उद्या ऑपरेशन आहे."

"तुझा देवावर विश्वास नाही का? तो बरं करणार आहे तुला. मग तेल कशाला?"

मी कपाळावर हात मारून घेतला. ज्या देवावर विश्वास ठेवायचा त्याच्याच संस्काराला घाबरायचं, आणि या भीतीला विश्वास म्हणायचं! सायमन दोघींच्या मधे उभा राहून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता, पंख्याखाली मान फिरवणाऱ्या बाहुलीसारखा. मी सरळ फोन उचलला आणि फादर इन्नय्यांना लावला. तरुण आहेत, खम्मम जिल्ह्यातले, बोलायला लाजाळू. म्हणाले, येतो अम्मा, दुपारी चारला.

चार वाजले. साडेचार. पाच. शाहीन आपांच्या घरचे डबा घेऊन आले, गेले. मी पलंगावर उठून बसले होते, केस विंचरून, नीट. फादर आले नाहीत.

आत नेताना

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रेचर आलं. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, बांगड्या सायमनच्या खिशात. केरळची एक नर्स होती, तिच्या गळ्यात बारीक क्रूस. तिने माझ्या हातातली जपमाळ काढून उशीखाली ठेवली आणि सहज म्हणाली, "कल फादर आया था न अम्मा, नीचे से वापस क्यों चला गया?"

मी सायमनकडे पाहिलं. तो आपल्या चपलांकडे बघत होता. वन्सं पायाशी उभ्या होत्या.

"वन्सं, तुम्ही परत पाठवलंत?"

"तू झोपली होतीस."

"मी जागी होते. वाट बघत होते मी!"

"मार्था, माझं ऐक..."

ऐकायला वेळ नव्हता. वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकललं. त्या अरुंद कॉरिडॉरमधून जाताना वरचे दिवे एकामागून एक मागे पडत होते आणि मला भयंकर राग आला होता. लोक सांगतात, ऑपरेशनला जाताना देवाला शरण जावं, मन शांत करावं. माझं मन मुळीच शांत नव्हतं. मी देवाशी भांडत होते, मराठीत, कारण या शहरात माझ्याशी मराठीत बोलणाऱ्यांपैकी दोघांनी मला फसवलं होतं आणि तिसरा तोच उरला होता. मी म्हणाले, बघितलंस? तुझ्या नावाने तुझ्याच माणसाला दारातून हाकललं. मला तेल मिळालं नाही. आता तूच ये, कसा येणार ते तुझं तू बघ. आणि मला आत काही झालं तर या दोघांना तूच समजाव, माझ्याकडून समजावणं होणार नाही.

याला प्रार्थना म्हणायचं की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या वेळी मला दुसऱ्या कुणाशी बोलायचं नव्हतं, हे मात्र खरं. भूल चढेपर्यंत मी त्याला सोडलं नाही.

पिशवी

शुद्धीवर आले तेव्हा त्या शाईच्या गोलाच्या जागी एक पिशवी होती.

आतड्याचं एक टोक पोटावर बाहेर काढलेलं. लाल, ओलसर, ओठ मिटल्यासारखं. त्यावर चिकटवलेली पिशवी, त्यात जे जायचं ते जाणार. तात्पुरती आहे, काही महिन्यांनी आत घालू, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुणाला? सायमनला. ऑपरेशनच्या आधी. सही त्याची.

मी सायमनशी चार दिवस बोलले नाही. रोज सकाळी डॉक्टरांची वरात येई आणि मोठ्या आवाजात विचारी, "थैली में हवा आया क्या?" आयुष्यभर ज्या गोष्टी दार लावून केल्या त्यांची चौकशी सहा माणसांसमोर. हवा आली त्या दिवशी एका डॉक्टरने टाळी वाजवली. मला हसूही आलं आणि रडूही. शाहीन आपा म्हणाल्या, "मुबारक हो," आणि घरून आलेल्या खिरीचा वास मला घ्यायला दिला, कारण मला खायची परवानगी नव्हती.

माझ्यासारखी पिशवी कुणाला लागणार असेल तर घाबरू नका, एवढंच सांगेन. सवय होते. पहिले काही दिवस माणूस स्वतःच्या पोटाकडे बघत नाही, मग एक दिवस बघतं, मग स्वतः बदलतं. मिस्सेत अगदी शांततेच्या क्षणी ती आवाज करते. करू दे. ज्याने आतडी घडवली त्याला त्यांचा आवाज माहीत आहे.

फादर पुन्हा आले

ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी फादर इन्नय्या दारात उभे राहिले. मी त्यांनाही सोडलं नाही.

"हाकललं म्हणून गेलात फादर? पेशंटने बोलावलं होतं तुम्हाला."

त्यांचे कान लाल झाले. "अम्मा, त्या म्हणाल्या, तुम्ही झोपलात, डॉक्टरांची मनाई आहे. त्या रडत होत्या. मला वाटलं, घरच्यांना नको असताना कसं..."

"मी घरची नाही का?"

ते पलंगाजवळ आले. खिशातून तेलाची लहानशी कुपी काढली. तेवढ्यात वन्सं जिन्यावरून आल्या. कुपी पाहिली आणि दारातच थबकल्या. "नको," त्या म्हणाल्या. "आता ती बरी होतेय. आता कशाला? सायमन, सांग यांना."

सायमन उठला. मला वाटलं, आता हा दोघांची समजूत घालणार आणि फादर पुन्हा जिना उतरणार. तो दारापर्यंत गेला, अक्काच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अक्का, तू जरा बाहेर बस." इतक्या वर्षांच्या संसारात मी हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्याने दार लावलं आणि परत येऊन माझ्या उशाशी गुडघे टेकले.

फादरनी प्रार्थना तेलुगूत म्हटली, मी मनात मराठीत. कपाळाला तेल लागलं, मग तळहातांना. पलीकडे शाहीन आपांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता. चार दिवसांचा अबोला त्या दुपारी सुटला. तेल लागलं आणि मी गेले नाही, हे वाचकांना दिसतंच आहे.

सल्ले

घरी आल्यावर प्रार्थना मंडळ आलं. चांगल्या बायका आहेत, डबे आणत, माझे कपडेही धुतले, आणि मी ते विसरणार नाही. पण तोंडं! एकीने विचारलं, मागे कधी मिस्सा चुकवल्या होत्या का. दुसरीने सांगितलं, तिच्या जावेने असाच त्रास नुसत्या उपवासाने घालवला, किमोचं विष घेतलंच नाही. तिसरी म्हणाली, प्रभू ज्याच्यावर जास्त प्रेम करतो त्याला जास्त दुःख देतो. मी म्हणाले, मग त्याला सांगा, माझ्यावर जरा कमी प्रेम केलंस तरी चालेल. ती हातातला कप ठेवून गेली.

आणि मग किमो संपल्यावर त्यांनी घरी येऊन मला साक्ष द्यायला बोलावलं. मोठी सभा होणार होती, माईक, मांडव. मी उभं राहून सांगायचं की प्रार्थनेने बरी झाले. डॉक्टरांचं नाव मधे आणू नको, असं एकीने हळूच सुचवलं, लोकांचा विश्वास डळमळतो. माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, माझी साक्ष ऐकायचीय? मग ऐका, जे आहे तेच सांगेन. मला माझ्या आजाराबद्दल कुणी सांगितलं नाही. फादरना खालून परत पाठवलं. सर्जनने कापलं, किमोने केस गेले, आणि या सगळ्यात देव माझ्याबरोबर होता, कारण मी त्याला एक क्षणही जाऊ दिलं नाही. बरी झालेय की नाही ते अजून डॉक्टरही सांगत नाहीत. नाही झाले तरी तो माझा देव आहे. हे चालेल का मांडवात?

मांडवात चाललं नाही. पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी बायका गेल्यावर वन्सं स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. "चारचौघांत बोललीस. फादरना मी पाठवलं, हे सगळ्यांना सांगितलंस."

"माझ्या आजाराचं तुम्ही चर्चभर सांगितलंत. फिटंफाट."

त्यांनी नळ बंद केला. माझ्याकडे पाठ करूनच बोलल्या. "आईसाठी फादरना आणायला मीच गेले होते. अकरा वर्षांची होते. नदी ओलांडून गेले. आईला ताप होता, पण ती बोलत होती गं. सायमनला भाकरी दे म्हणून मला सांगत होती. मी फादरना घेऊन आले. तिने दारात त्यांना पाहिलं, तेलाची डबी पाहिली, आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा बोललीच नाही. मी आणलं नसतं तर..."

इतक्या वर्षांत हे सायमनलाही ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवला. पण खोटं कशाला लिहू, माझा राग तेवढ्याने गेला नाही. अकरा वर्षांच्या पोरीवर मला राग नव्हता. राग त्यांच्यावर होता, ज्यांनी इतकी वर्षं त्या पोरीला सांगितलं नाही की तुझी आई तापाने गेली, तेलाने नाही. गावातल्या मोठ्यांनी नाही, धर्मशिक्षकाने नाही, प्रवचन देणाऱ्या एकाही फादरने नाही. आमच्याकडे न सांगण्याची ही रीतच आहे, आणि ती माझ्या आजाराच्या फार आधीची आहे. मी एवढंच म्हणाले, "वन्सं, तुम्ही आणलं नसतं तर ती तेलाशिवाय गेली असती. एवढाच फरक पडला असता." त्यांनी नळ पुन्हा सोडला.

फेब्रुवारीत

फेब्रुवारीत आमच्या चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी खास मिस्सा असते. सगळ्या आजाऱ्यांना एकत्र तेल लावतात. मी जायचं ठरवलं. पिशवी अजून आहे, पुढचं स्कॅन व्हायचंय, मी हक्काची आजारी. वन्संना डायबेटिस, गुडघे गेलेले, मोतीबिंदू. त्याही हक्काच्या आजारी, पण त्या म्हणाल्या, मी तुझी पर्स धरून बसते.

रांग लागली. चाकाच्या खुर्च्या, काठ्या, एक बाई ऑक्सिजनची नळी लावून. मी रांगेत लागले. थोडं पुढे गेल्यावर मागून ओळखीचा श्वास ऐकू आला, दम लागलेला. वळून पाहिलं तर वन्सं. माझी पर्स काखेत, डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते. मी काही बोलले नाही. बोलले तर त्या परत फिरतील अशी भीती वाटली.

माझं झालं. फादर इन्नय्या त्यांच्यासमोर आले. कपाळाला तेल लावलं, तेव्हा त्यांनी मान एकदम मागे घेतली. मग फादरनी हात मागितले. वन्संच्या दोन्ही मुठी आवळलेल्या, छातीशी धरलेल्या. फादर थांबले. तेलुगूत हळू आवाजात म्हणाले, हात, अम्मा. मुठी उघडेनात. मागची रांग थांबली. ऑक्सिजनवाली बाई बघायला लागली.

मला राहवलं नाही. मी मराठीत ओरडले, अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं. "वन्सं, मरत नाही तुम्ही! हात उघडा!"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. इतका राग मी त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिला नव्हता. आणि हात उघडले.

बाहेर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. रिक्षा मिळेपर्यंत त्या धुसफुसत होत्या. "ओरडायचं काय होतं?" एवढंच म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर मात्र तळहात मांडीवर पालथे न ठेवता तसेच उताणे धरून बसल्या, साडीला तेल लागू नये म्हणून असेल. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"आईलाही असंच थंड लागलं असेल का गं?"

"लागलं असेल," मी म्हणाले. आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "भाई, जरा आहिस्ता चलाओ. जल्दी नहीं है."